तुम्ही विचारलंत म्हणून: आरशासमोर तोंडं करून माणसं कळतात का?

कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) पेशंटच्या घरच्यांचा आमचा एक छोटा गट आहे. महिन्यातून एकदा दादरला जमतो. चहाच्या वेळी कुणीतरी हमखास मला बाजूला घेतं आणि विचारतं, "ताई, ते तुमचं वडिलांबरोबर तोंडं करणं... त्यानं खरंच समोरच्याच्या मनातलं कळायला लागतं का हो?" मी "थोडंफार" म्हणून वेळ मारून नेते, कारण चहा गार होत असतो. आज नीट सांगते.

माझे वडील, अण्णा, बेस्टमध्ये कंडक्टर होते. ३१ वर्षं. गच्च भरलेल्या बसमध्ये कुणी तिकीट काढलेलं नाही हे ते तोंडावरून ओळखायचे. म्हणायचे, "फुकट्या घाबरलेला दिसत नाही गं. त्याला खिडकीबाहेरचं अचानक फार आवडायला लागतं." अशा माणसाचा स्वतःचा चेहरा थिजत चालला होता आणि आमच्या लक्षातही आलं नाही. हात थरथरायला लागला ते दिसलं, पावलं घसटायला लागली ते दिसलं. चेहऱ्याचं आम्ही आपलं ठरवून टाकलं, वय झालंय, कंटाळतात.

माझ्या लेकाला दहावीला ९१ टक्के पडले. मोबाईल घेऊन धावत आजोबांकडे गेला. अण्णांनी बघितलं, सपाट आवाजात "छान" म्हणाले, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पोरगा गुपचूप आत जाऊन बसला. रात्री मी अण्णांना बोलले. बरंच बोलले, वीस वर्षांपूर्वीचंही उकरून काढलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी हसलो होतो की."

या आजारात मेंदूतल्या डोपामीन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात, आणि आपोआप होणाऱ्या हालचालींना त्याचा फटका मोठा बसतो. चालताना हात हलणं, डोळ्यांची उघडझाप, नकळत येणारं हसू. "हसा" म्हटलं तर माणूस ओढूनताणून हसू शकतो. आतून आलेलं हसू मात्र ओठांपर्यंत पोचत नाही. अण्णा खरोखर हसले होते. आतल्या आत. दुसरी गोष्ट मला नंतर कळली आणि ती जास्त लागली: यातल्या बऱ्याच पेशंटना दुसऱ्याचे चेहरे ओळखणंही जड जातं, विशेषतः राग, भीती, दुःख. बसभर माणसं वाचणाऱ्या अण्णांना मी चिडलेय हे मी ओरडेपर्यंत कळत नव्हतं.

फिजिओथेरपीच्या बाईंनी आरसा सांगितला. आमच्याकडे अण्णांचा दाढीचा आरसा होता, एका कोपऱ्यातला पारा गेलेला. तो टेबलावर उभा करायचा, कंपवाताची गोळी घेतल्यावर तासाभरानं, ती लागू पडली की बसायचं (त्याआधी बसलात तर दोघांचाही फक्त वैताग होतो), आणि भुवया वर, भुवया खाली, गाल फुगव, आ, ई, ऊ. भरतानं नाट्यशास्त्रात भुवयांच्या सात हालचाली सांगितल्यात. अण्णांकडे त्यातली एक उरली होती, तीही अर्धी.

मग बाईंनी खेळ बदलला. मी चेहरा करायचा, अण्णांनी तो उतरवायचा आणि मग नाव सांगायचं. राग, आनंद, दुःख, किळस जमायचं. भीती आणि आश्चर्य यांची मात्र कायम गल्लत. ही गल्लत धडधाकट माणसंही करतात, कारण दोन्हींत डोळे विस्फारतात आणि भुवया वर जातात. फरक बारीक आहे. भीतीत भुवया वर जाता जाता एकमेकींकडे ओढल्या जातात आणि ओठ आडवे ताणतात. आश्चर्यात जबडा सुटतो. नुसतं बघून अण्णा चुकायचे. एकदा त्यांनी माझा चेहरा उतरवायला घेतला, ओठ ताणायला गेले, ते ताणले गेले नाहीत, पण मान आखडली. बोट गळ्याशी नेऊन म्हणाले, "इथे ओढ बसतेय. ही भीती."

आता तुमचा प्रश्न. यामागचा विचार असा, की समोरच्याचा चेहरा आपण नकळत आपल्या चेहऱ्यावर थोडासा उमटवतो आणि त्यातून त्याचं मन आपल्याला जाणवतं. १९८२ मध्ये स्वीडनच्या उल्फ डिमबर्ग यांनी लोकांच्या गालांवर आणि भुवयांवर इलेक्ट्रोड लावून त्यांना फोटो दाखवले होते. हसरा चेहरा आला की गालाचा स्नायू हले, रागीट आला की भुवईचा. २००७ मध्ये लोकांना दातांत पेन धरायला लावून तपासलं, तर हसरे चेहरे ओळखण्यात ते मागे पडले. २०११ मधला नील आणि चार्ट्रंड यांचा प्रयोग मला सगळ्यात मजेदार वाटतो. सुरकुत्या घालवायला बोटॉक्स (स्नायू लुळा पाडणारं इंजेक्शन) घेतलेल्या बायकांना नुसत्या डोळ्यांच्या फोटोंवरून भावना ओळखायला सांगितल्या. स्नायू न लुळावणारं फिलर घेतलेल्या बायकांपेक्षा त्या कमी पडल्या.

हे वाचून मी हुरळले होते. मग मोबियस सिंड्रोमबद्दल वाचलं. त्यात चेहरा जन्मापासून हलतच नाही. मानसशास्त्रज्ञ कॅथलीन बोगार्ट यांना स्वतःलाच तो आहे. त्यांनी आणि मात्सुमोटो यांनी २०१० मध्ये असे ३७ जण तपासले, आणि चेहऱ्यांवरच्या भावना त्यांनी इतरांइतक्याच ओळखल्या. म्हणजे स्वतःचा चेहरा न हलवताही दुसऱ्याचा वाचता येतो. मग नक्कल कशाला?

माझं उत्तर माझ्या अनुभवातून आलंय, तेव्हा शास्त्र म्हणून घेऊ नका. एका दुपारी कंटाळून मी खेळ उलटा केला. म्हटलं, अण्णा, आज तुम्ही काही करू नका, मी तुमची नक्कल करते. माझा समज, त्यात करायचं काय, दगडी चेहरा तर करायचाय. पण नक्कल करायची तर बघावं लागतं, आणि मी दीड-दोन वर्षांत अण्णांकडे नीट बघितलंच नव्हतं. गोळ्या दिल्या होत्या, बटणं लावली होती, भात कालवून दिला होता. त्या दिवशी बघताना दिसलं, की माझ्या दगडी चेहऱ्याला त्यांची उजवी खालची पापणी उत्तर देतेय. जरा फुगते, तिच्याखाली एक सुरकुती येते, जाते. खऱ्या हसण्यात डोळ्याभोवतीचा स्नायू आवळतो, हे फ्रान्सच्या ड्यूशेन यांनी १८६२ मध्येच लिहून ठेवलंय. ओठांचं हसू बनवता येतं, हे बनवणं कठीण. अण्णांचं नेमकं तेवढंच शिल्लक होतं, आणि आम्ही सगळे त्यांच्या ओठांकडे बघत बसलो होतो.

म्हणून विचारणाऱ्याला मी सांगते, तोंडं जरूर करा, पण आरशात स्वतःकडे कमी आणि माणसाकडे जास्त बघा. अण्णांचा चेहरा काही फार सुटला नाही. हसू किंचित मोठं झालं असेल, तेही गोळीच्या वेळेत. लेकाला पापणी दाखवली. तो आता आजोबांना जोक सांगतो आणि डोळ्याकडे बघत थांबतो. मलाही एक सवय लागलीये, लोकलमध्ये समोरच्या बाईचा चेहरा हळूच उतरवून बघायची. कुर्ल्याला एकदा एकीनं "काय झालं?" म्हणून असं खडसावलं की मी पुढच्याच स्टेशनला डबा बदलला. तेव्हा हे घरीच करा.

परवा अण्णांना दवाखान्यातून बसनं आणत होते. पुढच्या सीटवर पाठीला बॅग लावलेला एक मुलगा, खिडकीबाहेर बघतोय. अण्णांनी माझ्या हाताला हात लावला. "त्याचं तिकीट नाही."

मीही त्याचा चेहरा हळूच करून बघितला. मला काही कळलं नाही. कंडक्टर आला, मुलानं खिशातून पास काढून दाखवला आणि परत बाहेर बघायला लागला.

"चुकलो," अण्णा म्हणाले. उजवी पापणी चांगली दोन सेकंद फुगलेली होती.