तिसऱ्या मुलाचं नाव

नोव्हेंबर लागला की बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या ऑफिसात पेन्शनवाल्यांची रीघ लागते. एरवी आमचं काम लहान कारखान्यांचं. फाउंड्री, मशीनशॉप, फेटलिंगची शेड, अशा ठिकाणच्या कामगारांचं पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कामगार विमा, बघायचं, पंधरा तारखेच्या आत चलन भरायचं. पीएफच्या पेन्शनरांना हयातीचा दाखला वर्षात कधीही देता येतो आणि तो पुढे बारा महिने चालतो. पण लोकांच्या डोक्यात नोव्हेंबर पक्का बसलाय, त्यामुळे सगळे एकदम येतात.

2023 सालच्या त्या नोव्हेंबरात एक मावशी आल्या. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर उचगाव, तुरमुरी, बाची अशी गावं लागत जातात आणि बाचीच्या पुढं शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका, महाराष्ट्र. मावशींचं गाव याच पट्ट्यातलं, कर्नाटकात. नवरा शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता, 2016 च्या मार्चमध्ये छातीत कळ येऊन गेला. असली घरं आमच्याकडं पुष्कळ आहेत. चूल एका राज्यात, हजेरी दुसऱ्या राज्यात. पेन्शनचं खातंही तिकडच्याच बँकेत, कारण तेव्हा प्रत्येक पीएफ कार्यालयाच्या ठरलेल्या बँका असत. 2025 च्या जानेवारीपासून ते बंधन गेलं, आता देशातल्या कुठल्याही बँकेत पेन्शन येतं. तेव्हा मात्र पासबुक भरायला मावशींना सीमा ओलांडूनच जावं लागायचं.

"ताई, पैसे कमी आल्यात. दाखला चुकला काय बघा बरं."

आधी दाखला करून घेऊ म्हणून मी अंगठ्याचं मशीन पुढं सरकवलं. मशीन काही केल्या ठसा घेईना. मी त्यांचा हात उजेडात धरून बघितला. मावशी काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जातात. टरफलातलं तेल कातडी जाळतं. राख लावा, एरंडेल लावा, ते बोटात मुरतंच. अंगठा आणि दोन बोटं काळी पडलेली, पापुद्रे निघालेले, रेषा म्हणून उरलेली नाही. या भागातल्या कितीतरी बायकांची हीच तऱ्हा आहे आणि रेशनपासून बँकेपर्यंत सगळीकडं त्यांना "अंगठा उठत नाही" हे ऐकून घ्यावं लागतं. पीएफनं 2022 पासून चेहरा दाखवून दाखला द्यायची सोय केलीय, ती खरंच मोठी सोय आहे. मोबाइल धरला, मावशींनी पदर सारखा करून एकदा डोळे मिटले-उघडले, दाखला झाला.

मग पासबुक घेतलं. आधी महिन्याला 3,300 रुपये जमा होत होते, अलीकडं 2,750. बरोबर 550 कमी. दाखला चुकला असता तर सगळंच थांबलं असतं, असं ठरावीक रकमेनं कमी झालं नसतं. मी विचारलं, "मावशी, थोरल्या पोराला पंचवीस पूर्ण झाली का?"

"थोरली लेक हाय. झाली की, गणपतीच्या आधी."

म्हणजे हिशेब सरळ होता. 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेत नोकरीत असताना कामगार गेला तर बायकोला पेन्शन मिळतं आणि त्याच्या 25 टक्के एकेका मुलाला, वयाच्या पंचविशीपर्यंत, एका वेळी दोघांना. (दहा वर्षं नोकरी लागते असं बरेच जण समजतात. ती अट कामगाराच्या स्वतःच्या पेन्शनला आहे. मृत्यूच्या बाबतीत महिन्याभराची वर्गणी भरलेली असली तरी घरच्यांचा हक्क उभा राहतो.) मावशींचं स्वतःचं 2,200, दोन मुलांचे 550-550. थोरलीची पंचविशी झाली, तिचा वाटा बंद झाला. पण दोघांच्या खाली तिसरं भावंड असेल तर थोरल्याची जागा त्याला मिळते, थोरल्यापासून धाकट्याकडं असा तो क्रम चालतो. म्हणून विचारलं, "तिसरं कोण आहे का?"

मावशींनी दाराकडं बघितलं. बाहेर पायरीवर रिक्षावाल्या पोराच्या शेजारी, भिंतीला टेकवून एक मुलगा बसवलेला होता. अठरा वर्षांचा, पण अंगानं बारा-तेराचा वाटावा. मान एका बाजूला, दोन्ही मुठी आवळलेल्या. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे अंगाच्या हालचालींवर ताबा राहत नाही असा मेंदूचा विकार. घरी ठेवायला कुणी नाही, म्हणून दाखल्याला येतानाही सोबत आणलेला.

"ह्यो धाकला. जन्मल्यापास्नं असाच. त्येला न्हाय बसत म्हणाले पेन्शन. दोघांनाच असतंय म्हणाले."

मी पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, मागितला. प्लास्टिकच्या पिशवीत, आधार कार्डं आणि नवऱ्याच्या फोटोसोबत तो जपून ठेवलेला होता. कुटुंबाच्या रकान्यात बायको, मुलगी, मधला मुलगा. धाकट्याचं नाव कुठंच नव्हतं.

इथं मला स्पष्ट लिहायचंय, कारण हे माझ्या कामाच्या रोजच्या रागाचं कारण आहे. कामगार गेला की घरच्यांच्या हातात तीन गोष्टी येतात. पीएफची साठलेली रक्कम, ठेवीशी जोडलेला विमा आणि पेन्शन. त्यांचे फॉर्म त्याच क्रमानं फॉर्म 20, फॉर्म 5-आयएफ आणि फॉर्म 10-डी. पहिल्या दोन्हींत एकरकमी पैसे असतात, म्हणून त्यासाठी दिवसकार्य व्हायच्या आत माणसं दारात उभी राहतात. "मी करून देतो, इतके टक्के द्या." तिसऱ्या फॉर्ममध्ये एका पोराचे महिन्याला पाच-सहाशे. त्यात कुणाला काय सुटणार? म्हणून 10-डी घाईनं, कसातरी भरला जातो, कधी भरलाच जात नाही. मावशींचा फॉर्म ज्यानं भरला त्यानं विम्यातून आपला वाटा घेतला आणि दोन मुलांची नावं लिहून तो मोकळा झाला. तिसऱ्याचं नाव लिहायला एक ओळ लागली असती.

आणि ती ओळ साधी नव्हती. योजनेच्या परिच्छेद 16 मध्ये लिहिलंय की मूल कायमचं आणि संपूर्ण अपंग असेल तर त्याला वयाची अट नाही आणि मुलांच्या संख्येचीही अट नाही. दोघांना मिळतंय ते मिळत राहतं, त्याशिवाय याला वेगळं. म्हणजे थोरलीची जागा रिकामी व्हायची वाट बघायची या मुलाला गरजच नव्हती. बाप गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याचा हक्क सुरू झाला होता आणि तो त्याच्या जन्मभराचा होता.

मावशींना हे सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसेना. "उगंच काय तर करायला जाऊन आमचं आहे ते बंद व्हायचं न्हाय न्हवं?" ही भीती मी रोज ऐकते. मी त्यांना एवढंच सांगितलं की हे कुणाच्या दयेचे पैसे नाहीत. तुमचे मालक कामावर होते तेव्हा कंपनीच्या वाट्यातले दरमहा 8.33 टक्के या फंडात जात होते. हे त्यांच्या घामाचंच आहे.

अर्ज केला तो दोन हरकती लावून परत आला. मूळ 10-डी मध्ये या मुलाचं नाव नाही आणि अपंगत्वाच्या कार्डावर 80 टक्के लिहिलंय, ते "कायम आणि संपूर्ण" नव्हे. कार्ड तर मावशींनी बसच्या पासासाठी काढलेलं होतं, त्यात टक्केवारीच असते.

पहिल्या हरकतीचं उत्तर शिनोळीच्या कारखान्यात सापडलं. कामाला लागताना कामगाराकडून फॉर्म 2 भरून घेतात. त्याच्या दुसऱ्या भागात पेन्शनसाठी कुटुंबातल्यांची नावं असतात. तिथल्या कारकुनानं, माणूस चांगला, जुन्या फायली उपसून ती प्रत काढून दिली. फॉर्म इंग्रजी, पण मावशींच्या नवऱ्यानं निळ्या पेनानं, मराठी शाळेत गिरवलेल्या वळणदार अक्षरात सगळं मराठीत लिहिलं होतं. तीन मुलं, तीन नावं, तीन जन्मतारखा. तिसऱ्या नावापुढं शेऱ्याच्या जागी "चालता बोलता येत नाही" असंही लिहून ठेवलेलं. बापानं आपलं काम चोख केलं होतं. मी मावशींना ती प्रत दाखवली. त्यांना वाचता येत नाही, पण अक्षर कुणाचं ते त्यांनी लगेच ओळखलं आणि बराच वेळ कागद खाली ठेवला नाही.

दुसऱ्या हरकतीसाठी सरकारी इस्पितळाच्या वैद्यकीय मंडळापुढं जावं लागलं. तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं, आम्ही टक्केवारी देतो, तुम्हाला हवी ती वाक्यं लिहून देणं आमचं काम नाही. त्यांचंही चूक नव्हतं. मी परिच्छेद 16 ची प्रत पुढं ठेवली आणि म्हटलं, वाक्य माझं नको, तुम्हाला तपासून जे दिसतं तेच लिहा. हा मुलगा कधी कमवू शकेल का, एवढ्याचंच उत्तर पीएफवाल्यांना हवं आहे. डॉक्टरीण बाईंनी मुलाला नीट तपासलं, मावशींना विचारलं, जेवण कोण भरवतं, अंघोळ कोण घालतं. मग स्पष्ट लिहून दिलं. अपंगत्व कायमचं, संपूर्ण, कमाईची शक्यता नाही.

राहिले वर्णनपत्रावरचे ठसे. 10-डी सोबत प्रत्येक लाभार्थ्याचा ठसा तीन प्रतींवर लागतो. मुलाची मूठ मी उघडू बघत होते आणि ती जास्तच आवळत होती. मावशी म्हणाल्या, "सोडा ताई, तसं न्हाय." त्यांनी त्याचं मनगट आधी हळूच आत वाकवलं, आणि बोटं आपोआप सैल झाली. मग अंगठा शाईच्या पॅडवर टेकवून, जरा फिरवून कागदावर. तीन प्रती, तीन ठसे, एकेक रेष मोजता येईल इतके स्वच्छ. आईच्या बोटांवर ठसा उरला नव्हता आणि या मुलाच्या अंगठ्यानं आयुष्यात कधी काही घासलेलं नव्हतं.

2024 च्या पावसाळ्यात मंजुरी आली. मुलाच्या नावानं उघडलेल्या खात्यावर 2016 पासूनची थकबाकी पंचावन्न हजारांच्या घरात जमा झाली आणि पुढं महिन्याला 550 सुरू झाले. रक्कम मोठी नाही, हे मला कळतं. या योजनेतलं विधवेचं किमान पेन्शन 2014 पासून 1,000 रुपयांवरच आहे आणि त्याच्या 25 टक्के म्हणजे मुलाला किमान 250. आजच्या बाजारात 250 रुपयांत मुलाचं काय भागतं? हे आकडे वाढायलाच हवेत असं माझं ठाम मत आहे. पण मावशींनी त्या थकबाकीतून पहिली वस्तू घेतली ती मुलाच्या मापाची, मानेला आधार असलेली चाकांची खुर्ची. तोवर अठरा वर्षं त्या त्याला कडेवर नाहीतर पाठीवर नेत होत्या.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मावशी हयातीच्या दाखल्याला पुन्हा आल्या तेव्हा चेहऱ्याचं काम झाल्यावरही उठल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, माझ्या मागं ह्येचं काय?"

पेन्शनपुरतं उत्तर माझ्याजवळ होतं. आईही गेली तर मूल अनाथ ठरतं आणि त्याला आईच्या पेन्शनच्या 25 नव्हे, 75 टक्के मिळतात. म्हणजे 550 चे 1,650 होतील आणि याच्या बाबतीत तेही तहहयात. पण तो पैसा काढून त्याच्यावर खर्च करणारं माणूस लागणार. अठरा वर्षं झाली की कायद्याच्या दृष्टीनं मूल सज्ञान, मग त्याच्या वतीनं सही करायचा अधिकार आईलाही आपोआप राहत नाही. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. कोर्टात जावं लागत नाही. हे सांगितलं तेव्हा मावशींनी विचारलं, "आत्ताच करता येतंय? मी असताना?"

येतं. म्हणून आधी मावशींचंच नाव पालक म्हणून घालायचं ठरलं आणि त्यांच्या मागं थोरल्या लेकीनं अर्ज करायचा. लेक गडहिंग्लजला दिलेली, म्हणजे पुन्हा सीमेपलीकडं. मुलगा राहतो बेळगाव जिल्ह्यात, त्यामुळे समिती इथलीच. मी फोनवर लेकीला हे समजावलं तेव्हा ती मधेच म्हणाली, "ताई, कागद कुठल्या बी राज्याचा असू दे, सही मी करणार." जावईही सोबत आले, त्यांनी आपली संमती लिहून दिली, न मागता.

मावशींचा अर्ज समितीकडं दिलाय. बैठकीची तारीख आली की मुलाला खुर्चीतून घेऊन जायचं आहे. लेकीची सही घेतलेला कागद, फॉर्म 2 ची प्रत आणि मंडळाचा दाखला, तिन्हींचा एक संच मावशींच्या पिशवीत ठेवलाय आणि दुसरा आमच्या कपाटात.