बाईंनी पुसलेला फळा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे असे पत्र आले आणि लिहायचे ते जीवशास्त्राच्या बाईंविषयीच, हे मनाशी पक्के झाले. स्नेहसंमेलने आणि गुणवत्ता यादीतील मुले यांविषयी इतर लिहितीलच.

उत्क्रांतीचा धडा चालू होता. एखाद्या घोड्याच्या पायाला क्वचित जादा बोट फुटते, एखाद्या देवमाशाच्या अंगावर मागचे पाय उगवलेले आढळतात, म्हणजे दबून राहिलेले पूर्वजांचे लक्षण पुन्हा वर येते, असे बाई सांगत असताना झोकांड्या देत चालणाऱ्या आमच्या एका वर्गमित्राकडे पाहून मागच्या बाकावरून ‘हा बघा पूर्वज’ असा आवाज आला. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फळा पुसला, लहान मेंदूची आकृती काढली आणि आम्हा सर्वांना डोळे मिटून तर्जनी नाकाच्या शेंड्याला लावायला सांगितली. स्नायूंचा हा मेळ जो भाग घालतो तो दुबळा झाला की चाल बिघडते, त्यात माणूस मागे जात नाही, हे समजावण्यात त्यांनी उरलेला तास घालवला. त्यानंतर त्या मुलाला वर्गात कोणी चिडवल्याचे मला आठवत नाही.

मी मेंदूविकारतज्ज्ञ झालो तो त्या तासामुळे. तुर्कस्तानातील हाताय प्रांतात हातापायांवर चालणारी पाच भावंडे म्हणजे उत्क्रांतीचा उलटा प्रवास, असे प्रतिपादन तुर्की शास्त्रज्ञ उनेर तान यांनी 2005 साली केले, तेव्हा मला बाईंचा फळाच दिसला. त्या भावंडांच्या लहान मेंदूची वाढ अपुरी होती. पुढे 2014 साली त्यांच्या चालीचे चित्रीकरण तपासले गेले, तेव्हा हातपाय टाकण्याचा त्यांचा क्रम वानरांसारखा तिरपा, म्हणजे एका बाजूच्या पायामागोमाग दुसऱ्या बाजूचा हात असा, नसून, निरोगी माणसाला ओणवे चालायला लावल्यावर दिसतो तसाच असल्याचे आढळले. तोल न सावरणाऱ्या शरीराने काढलेली ती वाट होती.

‘आमच्या घराण्यात असे कोणीच नव्हते’ असे फ्रीडराइख ॲटॅक्सिया या तोल आणि चाल बिघडवणाऱ्या आनुवंशिक विकाराच्या रुग्णांचे आईवडील आजही कळवळून सांगतात. दोघांकडून एकेक सदोष जनुक आले, दोष कोणाचाच नाही, हे मी बाईंच्याच संथ लयीत सांगतो.

बाईंची प्रयोगशाळा आता संगणककक्ष झाली आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. ती पुन्हा उभी राहावी. सूक्ष्मदर्शकांचा खर्च आमची तुकडी आनंदाने उचलेल.