झायफनच्या खिडक्यांतले दिवे

जर्मनीतल्या नाताळ बाजारांची वर्णनं मराठीत पुष्कळ आली आहेत, म्हणून ड्रेस्डेन शहराबद्दल फार लिहीत नाही. १४३४ पासून भरणारा तिथला बाजार पाहावाच असा आहे. पण त्या बाजारात जागोजागी मांडलेले अक्रोड फोडणारे लाकडी शिपाई आणि तोंडातून धुपाचा धूर सोडणारे बाहुले ज्या डोंगरातून येतात, तिथला नाताळ बघायची माझी जुनी इच्छा होती. ड्रेस्डेन ज्या सॅक्सनी राज्यात आहे त्याच्या दक्षिणेला, चेक सीमेला लागून एर्त्सगेबिर्ग ही डोंगररांग आहे. केम्निट्झहून ओल्बर्नहाऊपर्यंत रेल्वे आणि पुढे बस करून त्या रांगेतल्या झायफन गावात पोचलो. दुपारचे चार वाजले होते आणि अंधार पडत आला होता.

उतरताना बसचालक म्हणाला, "ग्लुक आउफ!" उतरणाऱ्या प्रत्येकाला तो तेच म्हणत होता. पुढचे दिवस हेच शब्द सगळीकडे कानावर पडत राहिले. बेकरीत, चर्चच्या दारात, शुभेच्छापत्रांवर सुद्धा. 'फ्रोहं वाइनाख्टन', म्हणजे शुभ नाताळ, आणि त्याला जोडूनच 'ग्लुक आउफ'.

हा मूळचा खाणकामगारांचा नमस्कार. ११६८ मध्ये इथून जवळच फ्रायबर्गला चांदी सापडली आणि पुढची काही शतकं हा सगळा मुलूख जमिनीखाली खोदत राहिला. झायफनला कथील निघायचं. आत जाणाऱ्याला धातूची शीर गवसो, आणि तो सुखरूप वर येवो, अशी दोन्ही मागणी त्या दोन शब्दांत आहे. झायफनची कथिलाची खाण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बंद पडली. नमस्कार मात्र तोच राहिला.

आणि दिवेही राहिले. इथे बहुतेक प्रत्येक खिडकीत लाकडी कमान असते, तिच्यावर ओळीने मेणबत्त्या, आता बऱ्याच ठिकाणी विजेच्या. तिला श्विबबोगन म्हणतात. सगळ्यात जास्त दिसणारी नक्षी १९३७ साली याच डोंगरातल्या श्वार्त्सनबर्ग गावच्या प्रदर्शनासाठी चित्रकार पाउला योर्डान यांनी काढलेली आहे: मधे दोन खाणकामगार, एका बाजूला लाकूड कोरणारा, दुसऱ्या बाजूला लेस विणणारी बाई. या मुलखाची पोटापाण्याची तिन्ही साधनं एका कमानीत आली आहेत. कमान म्हणजे खाणीचं तोंड, असं गावातले लोक सांगतात. कमानीशेजारी हातात मेणबत्त्या घेतलेले लाकडी कामगार आणि देवदूत उभे असतात. पूर्वी घरात जितके मुलगे तितके कामगार आणि जितक्या मुली तितके देवदूत मांडायचे. हिवाळ्यात माणसं उजाडायच्या आत खाणीत उतरायची आणि काळोख पडल्यावर बाहेर यायची. त्यांना ऊन दिसायचं ते रविवारी. हे कळल्यावर मी त्या खिडक्या पुन्हा एकदा, सावकाश चालत पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका कारखान्यात रायफनड्रेयन, म्हणजे लाकडाचं कडं फिरवून खेळणी कोरायची रीत, पाहिली. तिच्यासाठीच इथवर यावं, इतकी ती विलक्षण आहे. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या ओल्या ओंडक्याची जाड चकती चरकावर (लेथवर) फिरत असते आणि कारागीर पटाशीने तिच्यात खाचा पाडत जातो. ओल्या लाकडाच्या लांबच लांब सालपटांचा ढीग त्याच्या पायाशी जमतो. बघणाऱ्याला दिसतं ते फक्त एक खाचाखोचांचं कडं. मग तो ते कडं चरकावरून उतरवतो, त्यावर सुरी ठेवतो, हातोडीचा एक ठोका देतो, आणि केकच्या फोडीसारखा जो तुकडा निघतो त्याच्या कापलेल्या बाजूवर घोडा असतो! पाठ, पोट, मान, पाय, सगळं जागच्या जागी. एका कड्यातून असे कितीतरी घोडे निघतात. कडं फुटेपर्यंत घोडा त्यालाही दिसत नाही, सगळं माप हातात आणि डोक्यात. खाणीचं उत्पन्न आटत गेलं तशी माणसं या कामाकडे वळली आणि साधारण १८०० च्या सुमारास ही रीत इथेच निघाली. स्वस्तातली खेळणी भराभर करायची गरज होती, त्यातून ही कला जन्माला आली.

२४ तारखेच्या संध्याकाळी जिथे उतरलो होतो त्या घरच्या आजींनी मला जेवायला बसवलं. या रात्रीच्या जेवणाला इथे नायनरला म्हणतात: नऊ पदार्थ आणि प्रत्येकामागे एक मागणं. मसूर असली की हाताशी सुटे पैसे राहतात, बटाट्याचे मोठे गोळे खाल्ले की मोठी रक्कम येते, आंबवलेला कोबी आयुष्य आंबू देत नाही. टेबलक्लॉथखाली थोडं गवत पसरलेलं, ताटाखाली नाणं. मधेच उठायचं नाही, असा दंडक. माझं ताट मसूर, गोळे आणि कोबी यांनीच भरलं, कारण सॉसेज आणि हंस मी खात नाही. आजींनी त्याबद्दल एक प्रश्न विचारला नाही, फक्त मसूर दुसऱ्यांदा वाढली.

'वाइनाख्टन' म्हणजे पवित्र रात्री. पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेल्या 'नाताळ'मध्ये जन्म आहे, इथल्या शब्दात रात्र आहे. २५ ला चालत सीमा ओलांडली. वाटेत भेटलेलं एक चेक जोडपं म्हणालं, "वेसेले वानोत्से!" हा 'वानोत्से' जुन्या जर्मनमधूनच चेकमध्ये गेलेला. १९४५ नंतर सीमेपलीकडच्या जर्मन भाषकांना तिथून हाकलून दिलं गेलं, कित्येक वस्त्या ओस पडल्या. नाताळचं नाव मात्र त्याआधी शेकडो वर्षं चेक लोकांचं झालेलं होतं.

कुणाला जायचं असेल तर डिसेंबरातले शनिवार-रविवार टाळा, त्या दिवशी गाव गर्दीने फुलून जातं. जानेवारीत जा. इथे बहुतेक घरांत दिवे इतरत्र काढतात तसे सहा जानेवारीला काढत नाहीत, २ फेब्रुवारीपर्यंत ठेवतात. बर्फही तेव्हा जास्त असतो आणि कारागिरांना बोलायला वेळ असतो.