तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा विमानाला फ्लॅप कशाला?

रविवारी सकाळच्या कर्जत लोकलमध्ये हा प्रश्न हमखास येतो. रॅकवर माझ्या रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाचे पंख असतात, त्यांच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी, म्हणजे फ्लॅप, कुणाला तरी दिसते. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

मुंबईत उडवायला जागा नाही. भातकापणी झाली की आम्ही नेरळच्या पुढच्या शेतात जातो. एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत जेवढं शेत, तेवढीच धावपट्टी. उतरताना विमान तरंगत राहिलं की समोरच्या बांधावर आपटतं. फ्लॅप खाली आला की पंखाचा बाक वाढतो आणि कमी वेगातही उचल मिळते. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे पंखाची कमाल उचल-क्षमता दीडपट झाली, तर विमान हवेत टिकण्याचा किमान वेग साधारण 18 टक्क्यांनी उतरतो. आमच्या शेतात तेवढ्यावर विमान वाचतं.

पण बहुतेकांचे फ्लॅप नीट चालत नाहीत, कारण ते एलेरॉनसारखे, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखाच्या टोकाकडच्या पट्ट्यांसारखे, जोडलेले असतात. एलेरॉन वरही जातो, खालीही. त्याला सर्वोचा (पट्टी हलवणाऱ्या छोट्या मोटरचा) आर्म, म्हणजे फिरणारा दांडा, मध्यावर काटकोनात ठेवणं बरोबर. फ्लॅप फक्त खाली जातो. आर्म मध्यावर ठेवला की सर्वोची अर्धी फेरी वाया जाते. शिवाय फ्लॅप पूर्ण खाली असताना, हवेचा दाब सर्वांत जास्त असतो तेव्हाच, सगळा भार बिचाऱ्या नऊ ग्रॅमच्या सर्वोच्या गिअरवर पडतो.

मी सर्वो पंखात फ्लॅपच्या पुढे बसवतो. फ्लॅप बंद असताना आर्म मागे, फ्लॅपकडे झुकलेला. फ्लॅपच्या खालचा हॉर्न, म्हणजे आर्मकडून येणारी तार जिथे अडकते ती छोटी खुंटी, तोही मागे कललेला. आर्म पुढे फिरला की तार ओढली जाते आणि फ्लॅप खाली येतो. पूर्ण खाली आल्यावर आर्म आणि तार जवळजवळ एका रेषेत येतात. मग हवा फ्लॅपला कितीही वर ढकलो, ओढ सर्वोच्या आसाजवळूनच जाते आणि गिअरला फारसा पीळ बसत नाही. तार ताणातच राहते, म्हणून सायकलच्या स्पोकची बारीक तारही वाकत नाही. हे मला फार सुंदर वाटतं. कागदावर पेन्सिलीने आर्मच्या तीन जागा काढून बघा, लगेच कळेल.

खाली येताना मागेही सरकणाऱ्या फाउलर फ्लॅपचा मोह मलाही होतो, पण त्याला मागे सरकायला रूळ लागतात आणि शेतातली धूळ त्यांत अडकते. पहिल्या विमानाला साधा बिजागरीचा फ्लॅप पुरे.

एक गोष्ट मात्र जपा. माझ्या दुसऱ्या विमानाचा डावा क्लेव्हिस, म्हणजे तार हॉर्नला जोडणारी चिमट्यासारखी कडी, उतरताना निसटला. उजवा फ्लॅप खाली, डावा वर, आणि विमान डावीकडे कलंडून जमिनीत घुसलं. तेव्हापासून प्रत्येक क्लेव्हिसवर सिलिकॉन ट्यूबचा तुकडा चढवतो आणि घरीच दोन्ही फ्लॅपचे कोन मोजतो. ट्रान्समीटरमध्ये, म्हणजे हातातल्या रिमोटमध्ये, फ्लॅप दोन-तीन सेकंदांत हळू उघडेल असंही ठेवतो. एकदम उघडला की विमान उसळतं.

मी दादरहून चढतो. भेटलात तर पंख खाली काढून दाखवीन. बॅटरी नसतानाही, पूर्ण उघडलेला फ्लॅप बोटाने हळूच वर ढकलून बघा.