केरकची नवरी

जॉर्डनमध्ये अम्मानहून पेट्राला जाताना आमचा ग्रुप केरकच्या किल्ल्यावर थांबतो. टूर मॅनेजर म्हणून माझं काम म्हणजे डोकी मोजणं, पाण्याच्या बाटल्या आणि वॉशरूम. किल्ला सांगायला तिथला गाईड असतो. त्या दिवशी त्याची गाडी वाटेत बंद पडली आणि एकवीस जणांपुढे मलाच उभं राहावं लागलं.

सह्याद्री पालथा घातलेले एक काका होते. तटावर हात फिरवत म्हणाले, "हे दोन वेळचं काम आहे." खरंच होतं. काळपट, ओबडधोबड दगड क्रुसेडरांचे, म्हणजे युरोपातून धर्मयुद्धासाठी आलेल्या ख्रिस्ती योद्ध्यांचे, 1142 पासूनचे. पिवळसर, घडीव चिरे नंतरच्या मामलुकांचे, म्हणजे इजिप्तच्या मुस्लिम सुलतानांचे. पाठोपाठ, "टाकं कुठंय?" मराठी ग्रुप गडावर आला की हा प्रश्न ठरलेला.

खालच्या लांबलचक दालनात, मोबाईलच्या उजेडात, मी माझी हुकमी गोष्ट काढली. 1183 साल. तह मोडून काफिले लुटणारा रेनाल्ड इथला धनी. त्याचा सावत्र मुलगा हम्फ्री आणि जेरुसलेमची राजकन्या इझाबेला यांचं लग्न गडावर चाललेलं, बाहेर मुस्लिम सुलतान सलाउद्दीनचा वेढा. सांगतात की नवरदेवाच्या आईने लग्नातली पक्वान्नं सलाउद्दीनला पाठवली. त्याने विचारलं, जोडपं कुठल्या बुरुजात आहे? आणि तेवढ्या बुरुजावर मारा करू नका, असा हुकूम सोडला.

"सासू असावी तर अशी!" इथे लोक हसतात. हसलेही.

"नवरी केवढी होती गं?" मागून एका आजींनी विचारलं.

"अकरा वर्षांची."

"आणि इथे कधी आणली?"

"आठव्या वर्षी सोयरीक झाली, तेव्हापासून इथेच. सासू तिला आईकडे जाऊ देत नव्हती." हे मला ठाऊक होतं. गोष्टीत कधी घेतलं नव्हतं, एवढंच.

"बाकीच्या बुरुजांवर?"

"मारा चालूच होता. गावातले लोकही आत शिरलेले. लग्नात गाणारे-वाजवणारेसुद्धा अडकले. मग जेरुसलेमचा राजा बाल्डविन फौज घेऊन आला, तेव्हा वेढा उठला. कुष्ठरोगाने जर्जर झालेला, डोलीतून आणला होता त्याला. तिचा सावत्र भाऊ."

"म्हणजे माहेरचं कुणीतरी आलं," आजी म्हणाल्या आणि भिंतीला धरून पायऱ्या चढायला लागल्या.

वर मृत समुद्राकडची बाजू धुरकट दिसत होती. तेवढ्यात गाईड धापा टाकत आला आणि लग्नाचीच गोष्ट सुरू केली. सासूच्या ताटांपाशी सवयीने थांबला. कुणी हसेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी डोकी मोजायला घेतली.