एकदा विकलेला माल : आमच्या दुकानाची वाटचाल

गल्ल्यामागच्या भिंतीवर आज जी पाटी आहे ती चौथी. पहिली पत्र्याची होती, लाल अक्षरांत, कोपऱ्यात पेंटरची सही : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. रंगाची खात्री नाही.’ १९८८ मध्ये सोलापूरच्या नवी पेठेत बारा बाय वीसच्या गाळ्यात दुकान सुरू झालं, तेव्हा अशी पाटी नसलेलं कापडाचं दुकान शोधावं लागलं असतं. कोणी राग मानत नसे. आपण विकायचो ते कापड. ताग्यावर कात्री चालली की ते पीस गिऱ्हाइकाचं झालं, परत ताग्याला चिकटवता येत नाही, हे घेणाऱ्यालाही कळत होतं.

दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून बसणारे शिंपीमामा कागदोपत्री भागीदार कधीच नव्हते, पण पहिली सहा वर्षं दुकान टिकलं ते त्यांच्यामुळे. आत कापड घ्यायचं, बाहेर माप द्यायचं. त्यांनी दुकानाला दोन गोष्टी लावून दिल्या. एक, लोखंडी मीटरपट्टी : वजनमापे खात्याचा शिक्का असलेली, काउंटरच्या कडेला स्क्रूने बसवलेली. पट्टी हातात धरून कापड मोजलं की दर मीटरला बोटभर इकडेतिकडे होतं. काउंटरला बसवली की होत नाही. दुसरी, टेप तपासायची सवय. शिलाईचा टेप ताणला जातो. वर्षभर वापरलेला साठ इंची टेप पट्टीवर ठेवला की अर्धा-पाऊण इंच जास्त भरतो. म्हणजे तो प्रत्येक माप कमी दाखवतो आणि शर्ट दाटतो. आमच्याकडे दर सहा महिन्यांनी टेप बदलतात. स्वस्तातली वस्तू आहे; नवीन दुकानदारांनी यात काटकसर करू नये.

त्यानंतर २०१९ पर्यंत दुकान चाललं. कापड कमी होत गेलं, रेडिमेड वाढलं, एका गाळ्याचे दोन झाले, ट्रायल रूम आली. दुसरी पाटी लागली ती याच काळात, चार दिवसांत बदलून देण्याची. यात सांगण्यासारखं फार काही नाही.

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता. पाडव्याचा माल फेब्रुवारीअखेर भरला जातो, त्यामागोमाग लग्नसराईचा, आणि शाळांच्या गणवेशाचा आगाऊ द्यावा लागतो. तिन्ही माल दुकानात, पुढच्या तारखांचे चेक व्यापाऱ्यांकडे, आणि कोरोनामुळे २२ मार्चला ओढलेलं शटर पुढे अडीच महिने वर गेलं नाही. बँकेच्या कर्जाचे हप्ते ऑगस्टअखेरपर्यंत लांबवता आले, पण व्याज लांबत नाही, ते चढतच होतं. केंद्राच्या तातडीच्या योजनेतून २९ फेब्रुवारीला बाकी असलेल्या कर्जाच्या वीस टक्के जादा कर्ज तारणाशिवाय मिळालं. ते चेक वटवण्यातच संपलं.

बंद दुकानात मालाचं काय होतं हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको, तरी सांगतो. काचेतल्या पुतळ्यांवरचे कपडे खांद्यावर उडतात, कारण ऊन तिथे पडतं. पांढऱ्या शर्टांना घडीवर पिवळी रेघ येते, तीही पुठ्ठा जिथे टेकतो तिथेच. जरीच्या साड्या एकाच घडीत पडून राहिल्या की घडीवर जर तुटते. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी घडी मोडून उलटी घालावी लागते, आणि ती घालायला माणूसच नव्हता. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये बंद गाळ्यात होजिअरीचं इलॅस्टिक सैल पडतं. डांबरगोळ्या थेट कपड्यांत टाकू नयेत, पुरचुंडी बांधून फडताळाच्या वरच्या कोपऱ्यात टांगाव्यात. तिचा वास जड असतो, खाली उतरतो.

जूनमध्ये सरकारचं ‘पुनश्च हरिओम’ झालं, म्हणजे टाळेबंदी सैल झाली. नऊ ते पाच, रस्त्याची एक बाजू सम तारखेला, दुसरी विषम तारखेला. आणि शासनाच्या आदेशात कपड्यांच्या दुकानांसाठी स्वतंत्र ओळ होती : ट्रायल रूम बंद, बदलून देणं बंद, परत घेणं बंद. हे आम्ही ठरवलं नव्हतं. पण तिसरी पाटी आमच्या भिंतीवर लागली आणि शिव्या आम्हाला बसल्या.

आमची बाजू विषम तारखेची. समोर, सम तारखेच्या बाजूला, आमच्यासारखाच माल ठेवणारं दुकान आहे. नाव लिहीत नाही, पेठेत सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्याकडे मागच्या बोळातून माल बदलून मिळत होता. आम्ही बंद असलेल्या दिवशी आमचंच गिऱ्हाईक तिथे जायचं आणि तिथे त्याला ऐकवलं जायचं, “ते अडवणूक करतात, आम्ही माणसं ओळखतो.” आदेश दोघांना सारखाच होता. बदलून आलेला माल ते त्याच दिवशी घडी घालून परत फडताळात लावत होते, हे आम्ही समोरून बघत होतो. बरं, पुरवठादारांनी तरी कुठे माणसं ओळखली? गणवेशाचा माल परत घ्या म्हटलं तर कारखानदाराचं एकच वाक्य : कापलेला माल परत नाही. आमची १९८८ ची पाटी आम्हालाच वाचून दाखवली.

त्या उन्हाळ्यात दुकान बुडालं नाही, याचं श्रेय जुळे सोलापूरच्या एका शिक्षिकाबाईंना आहे. पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक. ट्रायल नाही, बदल नाही, हे कळल्यावर त्यांनी व्हॉट्सॲपवर घरातल्या पाच जणांचे चौदा कपडे मागवले, आणि यादीसोबत फोटो पाठवले : प्रत्येकाचा नीट बसणारा जुना कपडा पलंगावर पसरलेला, त्यावर टेप आडवा ठेवलेला, आकडा दिसेल असा. खाली एक ओळ होती, “बदलून नको, मोजून द्या.” चौदापैकी तेरा बरोबर बसले. चौदावी कुर्ती पहिल्या धुण्यात आखडली, ती चूक रेयॉनची आणि थोडी आमची.

तीच पद्धत दुकानात लावली. आजही तीच आहे, म्हणून नीट लिहितो.

अंग मोजू नका, कपडा मोजा. घरून चांगला बसणारा शर्ट आणायला सांगायचं, धुतलेला, पिशवीत घालून. सगळी बटणं लावून काउंटरवर पालथा पसरायचा, हाताने सुरकुत्या सारायच्या, पण ताणायचं नाही. काखेच्या शिवणीखाली एक इंचावर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायची, ही छाती. खांदा शिवणीपासून शिवणीपर्यंत. लांबी मागच्या बाजूने, कॉलर जिथे जोडली तिथपासून खाली. बाही खांद्याच्या शिवणीपासून कफसकट. हे चार आकडे नव्या शर्टाच्या चार आकड्यांशी जुळवायचे. अर्धा इंच फरक चालतो, छातीत एक इंच जास्त चालतो, कमी चालत नाही.

कॉलरवरच्या आकड्यावर विसंबलात तर फसाल. ब्रँडेड फॉर्मल शर्टावर ३९, ४०, ४२, ४४ असं लिहिलेलं असतं, ती कॉलरची सेंटिमीटरमधली मापं आहेत. गिऱ्हाईक समजतं छातीचे इंच. लोकल मालात मात्र बऱ्याचदा खरंच छातीचे इंच लिहितात. म्हणजे एकाच फडताळात दोन ‘४०’ आणि दोघांत तीन इंचांचा फरक. त्यात स्लिम आणि रेग्युलर. अंगाची छाती चाळीस असेल तर रेग्युलर शर्ट मोजून चव्वेचाळीस-पंचेचाळीस भरतो, स्लिम बेचाळीस-त्रेचाळीस. बदलायला येणाऱ्या दहांपैकी सहा-सात शर्ट याच गोंधळाचे असतात, आवडनिवड वगैरे नंतर. आम्ही प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक साइजचं एक पीस स्वतः मोजून वहीत लिहिलं. तीन आठवडे लागले. ती वही आता पैशांपेक्षा जास्त जपतो.

पँटीत कमर सपाट मोजून दुप्पट, आणि आतली शिवण. मागच्या शिवणीत दीड इंच दाब, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, आहे का ते उलटून बघायचं. असेल तर कमर एक इंच सोडता येते, बदलायची गरज नाही. कुर्ती सुती किंवा रेयॉन असेल तर मीटरला तीन-चार सेंटिमीटर आखडणं धरायचं, लांबीत जास्त धरायचं. लहान मुलांच्या कपड्यांत वय विचारूच नये, उंची विचारावी.

माल हाताळण्याचेही नियम बदलले. पॅक शर्ट एकदा उघडला की सहा पिना, कॉलरखालची प्लास्टिकची पट्टी, पुठ्ठा, कागद, हे सगळं पुन्हा बसवायला सरावलेल्या माणसाला पाच मिनिटं लागतात, आणि तरी घडी कंपनीची येत नाही. म्हणून प्रत्येक साइजचं एकच नमुना पीस हँगरवर, बाकी बंद. दाराशी सॅनिटायझर होतं, आणि पहिल्याच आठवड्यात त्याने दोन रेशमी साड्या घालवल्या. हात ओले असतानाच पदर उचलला गेला. अल्कोहोलने रंग फुटला आणि बोटांचे पाच फिकट ठसे उमटले. वाफेच्या इस्त्रीनेही ते जात नाहीत. नंतर साडीच्या काउंटरवर कोरडा नॅपकिन ठेवला आणि हात पुसून तीस आकडे मोजल्याशिवाय साडी उलगडायची नाही असं ठरवलं. जंतुनाशक म्हणून हायपोक्लोराइट कपड्यांजवळ फवारणारेही पेठेत निघाले. तो ब्लीचच असतो. काळ्या पँटीवर नारिंगी ठिपके आले की कळतं.

रंगाबद्दल एक. दुकानाच्या पांढऱ्या एलईडीखाली मोरपंखी निळा दिसतो, आमसुली तपकिरी. घेण्याआधी ओट्यावर नेऊन उजेडात बघा. संध्याकाळी सातनंतर मॅचिंग ब्लाऊजपीस घेऊच नये, कुठूनच.

निर्बंध सैल झाल्यावर बदलून देण्याची मुभा परत आली, आणि चौथी पाटी लिहायची वेळ आली. तोवर ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला होता. त्यात स्पष्ट आहे : सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत माल परत घेऊन पैसे द्यावे लागतात. म्हणजे आमची पहिली पाटी होती तशी आज लावली तर दोषी मालापुरती ती टिकणार नाही. पण दोष वेगळा आणि नापसंती वेगळी. शिवण उसवलेली, ताग्यातला धागा सुटलेला, बटणाचं काज फाटलेलं, हा दोष. बिल दाखवा, पैसे घ्या. साइज चुकली, सासूबाईंना रंग आवडला नाही, हा दोष नव्हे. तिथे दुकानाचा नियम चालतो, फक्त तो विकण्याआधी सांगितलेला आणि बिलावर छापलेला पाहिजे.

आमचा नियम असा : सात दिवस, बिल आणि टॅग जागेवर, न धुतलेला. फॉल-पिको झालेली साडी, कापलेला ब्लाऊजपीस, आतले कपडे नाहीत. टॅग कुठे लावता यावर अर्धी भांडणं अवलंबून आहेत. काखेत लावला तर टॅगसकट लग्न करून येतात. आम्ही शर्टाला दुसऱ्या-तिसऱ्या बटणाच्या मध्ये, कुर्तीला गळ्याच्या पुढच्या बाजूला लावतो. तो कापल्याशिवाय चारचौघांत घालता येत नाही. टॅगगनची सुई शिवणीतून काढायची, कापडातून नाही. शिफॉन आणि सॅटिनला पडलेलं भोक बुजत नाही. जाड सुई आणि बारीक सुई अशा दोन गन ठेवा.

बदलून देणं फुकट असतं हा गैरसमज हिशेबनिसाकडे बसल्यावर जातो. तेव्हा हजार रुपयांपर्यंतच्या कपड्याला पाच टक्के जीएसटी होता, वर बारा. चौदाशेचा शर्ट परत घेऊन नऊशेचा दिला की कराचा दरच बदलायचा. जुन्या बिलावर खाडाखोड चालत नाही. क्रेडिट नोट, म्हणजे परत घेतलेल्या मालाची रक्कम वजा दाखवणारी नोंद, काढायची, नवं बिल करायचं, जीएसटीच्या विवरणात दोन्ही दाखवायचं. समोरच्यांनी बोळात हे कसं केलं असेल, ते त्यांना ठाऊक.

परत आलेला माल आजही त्याच दिवशी फडताळात जात नाही. मागच्या खोलीत एक रॅक आहे, तिथे तीन दिवस, मग वाफेची इस्त्री, वास घेऊन तपासणी, मग नवा टॅग. विषाणूची भीती गेली. अत्तर आणि घामाचा वास जायला तेवढा वेळ लागतोच.

गणवेशांचं मात्र जमलं नाही. शहरातल्या आठवी ते बारावीच्या शाळा नियमितपणे सुरू झाल्या ४ ऑक्टोबर २०२१ ला. दीड वर्षात पोरं दोन साइज वाढलेली, आमच्याकडे २४ ते २८ चे ढीग आणि मागणी ३२-३४ ची. एका शाळेने तेवढ्यात चौकटीचा रंगही बदलला. त्या जुन्या चौकटीचे एकोणीस शर्ट अजून माळ्यावर आहेत, सगळे २६ नंबर. समोरच्या दुकानात गेल्या दिवाळीपासून नवी पाटी लागली आहे : सात दिवस, बिल आणि टॅग जागेवर, फॉल-पिको झालेली साडी नाही. शब्दसुद्धा बदललेले नाहीत.