शेवटी दुखणं सापडलं!

बाबांची २००३ सालची गाडी गेले तीन महिने लहर लागेल तशी सुरू व्हायची. चावी फिरवली की कधी लगेच, कधी नुसतं 'टक्'. गॅरेजमध्ये नेली की हमखास सुरू! नवी बॅटरी टाकली, तरी तेच.

आज दादरच्या फूलबाजाराबाहेर पुन्हा 'टक्'. हेडलाइट मात्र लख्ख. ओळखीचे मिस्त्रीकाका पिशवी घेऊन तिथेच आले. मल्टिमीटरवर बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. मग त्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या धातूला टेकवली. "मार सेल्फ." आकडा चार व्होल्टच्या वर! "हा अर्ध्याच्या आत पाहिजे रे. अर्थिंग गेलंय."

अर्थिंगची पट्टी, म्हणजे इंजिनला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी तांब्याची पट्टी, सोडवली तर बोल्टखाली हिरवट बुरशीसारखा थर. आम्ही वरळीला, समुद्रासमोर राहतो. खारी, दमट हवा तांबं कसं खाते ते आज डोळ्यांनी पाहिलं. पॉलिश पेपरने जागा चकचकीत घासली, नवी पट्टी बसवली. आकडा ०.२.

बॅटरी बदलण्याआधी हे दोन मिनिटांचं माप कुणीच का घेतलं नाही, याचा राग अजून आहे.

बाबांना फोनवर सेल्फचा आवाज ऐकवला. म्हणाले, "परत एकदा मार."